न्यूगेटची किल्ली

बँक ऑफ इंग्लंडने २००२ साली पाच पौंडांची नवी नोट चलनात आणली. नोटेच्या एका बाजूला राणीचे चित्र होते, तर दुसऱ्या बाजूला साधी पांढरी टोपी घातलेल्या एका प्रौढ स्त्रीचे. तिच्याच शेजारी तुरुंगातील बायकांना पुस्तक वाचून दाखवण्याचा प्रसंग रेखाटला होता आणि नक्षीकामात एक जुनी किल्ली गुंफली होती. ही किल्ली लंडनच्या न्यूगेट तुरुंगाची आणि ती स्त्री म्हणजे एलिझाबेथ फ्राय. मे २०१७ मध्ये ती नोट चलनातून बाद झाली. त्या पंधरा वर्षांत ती नोट हाताळणाऱ्या कित्येकांना चित्रामागचा विरोधाभास ठाऊकही नसेल. १८१८ साली याच बँकेच्या खोट्या नोटा खपवल्याबद्दल बायका फासावर जात होत्या आणि त्यांचे प्राण वाचावेत म्हणून एलिझाबेथ फ्राय थेट गृहमंत्र्यांपर्यंत धाव घेत होत्या.

फ्राय यांचे नाव निघाले की दयाळू, धर्मपरायण, कैद्यांची माउली ही विशेषणे आपोआप येतात. ती चुकीची नाहीत. पण त्यांच्याआड त्यांचे खरे काम झाकले जाते. गुन्हेगाराला गजांआड टाकले म्हणजे गुन्हा थांबला, असे समाज धरून चालतो. प्रत्यक्षात गजांआडही चोरी होते, मारहाण होते, दारू पोहोचते, जुगाराचे डाव रंगतात आणि दुबळ्यांना लुबाडले जाते. आपल्याकडच्या तुरुंगांच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. या प्रश्नाचे एक उत्तर फ्राय यांनी दोनशे वर्षांपूर्वी तुरुंगाच्या आवारात उभे राहून शोधले आणि ते चालवून दाखवले. सरकारने ते अर्धवट उचलून पुढे बाजूला सारले, हेही त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावे लागले.

अंधाराला भिणारी मुलगी

एलिझाबेथचा जन्म २१ मे १७८० रोजी इंग्लंडमधील नॉर्विच शहरात झाला. वडील जॉन गर्नी हे लोकरीचे व्यापारी आणि पेढीवाले. आई बार्कले घराण्यातील. दोन्ही घराणी क्वेकर पंथाची. धर्मोपदेशकाची मध्यस्थी न मानणारा, शपथ न घेणारा, युद्धाला विरोध करणारा आणि साध्या राहणीचा आग्रह धरणारा हा छोटा पंथ. मात्र गर्नींच्या अर्लहॅम हॉल या प्रशस्त घरात साधेपणाचे फारसे कौतुक नव्हते. तिथे संगीत होते, नृत्य होते, रंगीत कपडे होते. एलिझाबेथ लहानपणी भित्री म्हणून ओळखली जाई. तिला अंधाराची भीती वाटे, समुद्राची भीती वाटे. अभ्यासातही ती मागे, असेच घरच्यांचे मत होते. ती बारा वर्षांची असताना आई गेली.

१७९८ च्या फेब्रुवारीत विल्यम सेव्हरी हा अमेरिकन क्वेकर उपदेशक नॉर्विचला आला. सतरा वर्षांची एलिझाबेथ लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून त्या सभेला गेली होती. परतली ती अस्वस्थ होऊन. पुढच्या काही महिन्यांत तिने नृत्य सोडले, भडक कपडे सोडले आणि गरीब मुलांना घरी जमवून शिकवायला सुरुवात केली. बहिणींना हे खूळ वाटले. ते खूळ टिकले.

ऑगस्ट १८०० मध्ये तिचा विवाह जोसेफ फ्राय यांच्याशी झाला. फ्राय कुटुंब चहाच्या व्यापारातले आणि पेढीवाले. पंथाचे नियम काटेकोरपणे पाळणारे. लंडनमधील घरात पाहुण्यांचा राबता अखंड असे. एकामागून एक मुले झाली. पुढे ती संख्या अकरावर गेली. १८११ मध्ये क्वेकर सभेने एलिझाबेथ यांना उपदेशक म्हणून मान्यता दिली. या पंथात स्त्रियांना सभेत उभे राहून बोलण्याची मुभा होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अन्यत्र हे दुर्मीळच. चारचौघांत बोलण्याची जी सवय पुढे न्यूगेटमध्ये कामी आली, ती इथली.

सतराशे चौरस फूट आणि तीनशे बायका

१८१३ च्या कडाक्याच्या थंडीत स्टीफन ग्रेलेट हा मूळचा फ्रेंच क्वेकर न्यूगेट तुरुंग पाहून आला आणि तडक फ्राय यांच्या घरी गेला. त्याने तिथल्या तान्ह्या मुलांची अवस्था सांगितली. फ्राय यांनी ओळखीच्या बायकांना बोलावून फ्लॅनेलचे कपडे शिवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅना बक्स्टन या सखीला घेऊन त्या तुरुंगाच्या दारात उभ्या राहिल्या. तुरुंगाधिकाऱ्याने त्यांना परावृत्त करण्याचा बराच प्रयत्न केला. निदान घड्याळे तरी बाहेर ठेवा, असा त्याचा आग्रह होता. त्या आत गेल्या, त्या घड्याळासकट.

आत जे होते त्याला विभाग म्हणणेही अवघड. दोन मोठ्या खोल्या आणि दोन कोठड्या, मिळून सुमारे १९० चौरस यार्ड; म्हणजे साधारण सतराशे चौरस फूट. मुंबईतल्या तीन-चार बेताच्या सदनिकांएवढ्या या जागेत तीनशेच्या आसपास बायका आणि त्यांची मुले कोंडलेली होती. कच्च्या कैदी, शिक्षा झालेल्या, फाशीची वाट पाहणाऱ्या, पाव चोरणाऱ्या आणि सराईत टोळ्यांतल्या, सगळ्या एकत्र. तिथेच स्वयंपाक, तिथेच धुणे, तिथेच जमिनीवर झोप. देखरेखीला एक माणूस आणि त्याचा मुलगा. बायकांच्या विभागावर रात्रंदिवस दोन पुरुष. एका मेलेल्या बाळाच्या अंगावरचे कपडे काढून दोन बायका ते जिवंत बाळाला घालत होत्या, हे दृश्य फ्राय यांच्या मनातून कधीच गेले नाही.

या आवारात एक स्वतंत्र अर्थव्यवस्था चालत असे. तुरुंगातच दारू विकत मिळे. ती घ्यायला पैसा हवा, म्हणून गजांशी झोंबाझोंबी करून बाहेरच्या अभ्यागतांकडे भीक मागितली जाई. काठीला लाकडी चमचे बांधून ते गजांतून बाहेर काढले जात. पुढची जागा बळकावण्यासाठी मारामाऱ्या होत. मिळालेले पैसे दारूत आणि पत्त्यांत जात. पैसे संपले की अंगावरचे कपडे. नव्याने येणाऱ्या कैद्याने पैसे मोजावेत, नाहीतर कपडे उतरवून द्यावेत, ही तर इंग्लंडच्या तुरुंगांतली जुनी वहिवाट. पोटासाठी एखादी चोरी करून आलेली मुलगी इथे काही महिन्यांत काय काय शिकत असेल, याची कल्पना करता येते. ज्या कायद्याने तिला इथे पाठवले, त्याच्या अखत्यारीतच हे सारे चालले होते. तुरुंगाच्या शिपायांना ते ठाऊक होते. पण त्या गर्दीत शिरण्याची त्यांची तयारी नव्हती. तुरुंगाधिकारीसुद्धा तिथे एकट्याने जायला कचरत असे.

त्या हिवाळ्यात फ्राय यांनी आणखी दोन फेऱ्या केल्या, मुलांना कपडे आणि झोपायला पेंढा दिला. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे त्या न्यूगेटकडे फिरकू शकल्या नाहीत. बाळंतपणे, घरची आर्थिक ओढाताण, आजारपण. याच काळात चिमुकली मुलगी बेट्सी दगावली. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी रिकामी वर्षे बहुधा गाळली जातात. इथे ती महत्त्वाची आहेत. १८१६ च्या अखेरीस फ्राय पुन्हा न्यूगेटच्या आवारात आल्या, तेव्हा कपडे वाटून काही बदलत नाही हे त्यांच्या पुरते लक्षात आले होते.

नियम आणि हात

या वेळी त्यांनी शिपायांना बाहेर थांबायला सांगितले आणि बायकांशी एकट्याने बोलल्या. बोलणे सुरू झाले ते मुलांवरून. या मुलांनी इथेच वाढायचे का, त्यांच्यासाठी शाळा काढली तर चालेल का, असा विषय त्यांनी काढला. आयांना ते पटले. शिक्षिका कोण असावी, हे फ्राय यांनी ठरवले नाही. ती निवड त्यांनी कैद्यांवर सोपवली. बायकांनी मेरी कॉनर या तरुण, थोड्या शिकलेल्या मुलीचे नाव सुचवले. ती घड्याळ चोरल्याबद्दल आत आली होती. एका रिकाम्या कोठडीत शाळा सुरू झाली. जागा इतकी अपुरी, की दाराशी उभ्या राहून आत घ्या म्हणणाऱ्या मोठ्या बायकांना परत पाठवावे लागे. मेरी कॉनरला पुढे माफी मिळाली; पण क्षयाने ती लवकरच गेली.

शाळेपर्यंत अधिकाऱ्यांची हरकत नव्हती. या बायकांना काम द्यायचे ठरले, तेव्हा मात्र सगळ्यांनी मान हलवली. कापड दिले तर त्या विकून दारू पितील, सुया दिल्या तर एकमेकींना टोचतील, असाच सूर होता. फ्राय यांचे नातलग आणि हितचिंतकही साशंक होते. एप्रिल १८१७ मध्ये अकरा क्वेकर स्त्रिया आणि एका धर्मगुरूची पत्नी अशा बारा जणींनी मंडळ स्थापन केले. रोज त्यांच्यापैकी एकीने तरी तुरुंगात हजर राहायचे आणि बायकांवर देखरेखीला मेट्रन म्हणून एक स्त्रीच नेमायची, असे ठरले. तिच्या पगाराची सोय मंडळाने केली. एका रविवारी शेरीफ आणि तुरुंगाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत कैद्यांना एकत्र बसवण्यात आले. तुम्ही नियम पाळायला तयार आहात का, असे त्यांनाच विचारले गेले. त्यांनी होकार दिला, तरी उपस्थित अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नव्हता.

नियम साधेच होते. भीक मागायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, जुगार आणि पत्ते बंद, भांडणे बंद. सर्वांनी शिवणकाम किंवा विणकाम करायचे. जास्तीत जास्त बारा जणींचा एक गट आणि प्रत्येक गटावर कैद्यांतूनच निवडलेली एक मॉनिटर. कोणी भेटायला आले तर बोलवायला एक कैदीच नेमलेली. तिने हाक मारल्यावर हातातले काम मॉनिटरकडे देऊन गजांपाशी जायचे आणि भेट संपली की परत यायचे. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला घंटा आणि बायबलचे वाचन. कादंबऱ्या आणि नाटकांवर बंदी होती, ती आजच्या वाचकाला खटकेल. क्वेकर मंडळींच्या घरीही ती होतीच.

या नियमांपेक्षा ते लागू करण्याची रीत अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक नियम स्वतंत्रपणे वाचला गेला आणि मान्य असल्यास हात वर करा, असे सांगितले गेले. प्रत्येक वेळी हात वर झाले. १८१७ च्या इंग्लंडमध्ये लाखो सज्जन पुरुषांनाही मताचा अधिकार नव्हता. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. अशा देशात फाशी आणि हद्दपारीची वाट पाहणाऱ्या बायका स्वतःवरच्या निर्बंधांवर मत देत होत्या.

तुरुंगातील जुने धुण्याचे दालन रंगसफेदी करून कामाची खोली बनले. काम मिळवण्यासाठी फ्राय फेनचर्च स्ट्रीटवरील एका व्यापारी पेढीकडे गेल्या. ऑस्ट्रेलियात पाठवल्या जाणाऱ्या कैदी स्त्रियांचे कपडे पुरवण्याचा मक्ता या पेढीकडे होता. तुमचा धंदा थोडा काढून घ्यायला आलो आहोत, हे त्यांनी सरळच सांगितले. पेढीने शिवणकामाचा पुरवठा मान्य केला. पहिल्या दहा महिन्यांत न्यूगेटच्या बायकांनी सुमारे वीस हजार कपडे तयार केले. मिळकतीतील काही भाग त्यांच्या हातात पडे आणि तुरुंगातच काढलेल्या लहानशा दुकानातून त्यांना चहा-साखर घेता येई. दारूच्या गुत्त्याला हा पर्याय होता. उपदेशाने जे साधले नसते, ते या आठवड्याच्या चार पैशांनी साधले, असे म्हणायला हरकत नाही.

काही महिन्यांनी लंडनचे लॉर्ड मेयर, शेरीफ आणि नगरपिते पाहणीला आले. पूर्वी ज्या आवारात कानठळ्या बसत, तिथे बायका रांगेने बसून शिवत होत्या. नगरपालिकेने ही व्यवस्था आपल्या तुरुंग नियमांत सामावून घेतली आणि मेट्रनच्या पगाराचा काही भार उचलला.

अर्थात सारे सुरळीत झाले, असे नाही. पुढे बायकांत चोरून पत्ते चालतात, असे फ्राय यांच्या कानावर आले. झडती घेणे सहज शक्य होते. त्यांनी ती घेतली नाही. बायकांना जमवून त्यांनी पत्त्यांचे तोटे सांगितले आणि ज्यांच्याकडे पत्ते असतील त्यांनी ते माझ्यावर उपकार म्हणून आणून द्यावेत, अशी विनंती करून त्या खोलीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. एकीने पत्त्यांचा कॅट आणून दिला. मग दुसरी आली, मग तिसरी. ते कॅट जाळण्यात आले. नंतर फ्राय यांनी त्या प्रत्येकीला एक स्वच्छ मलमलचा रुमाल दिला. त्यातल्या एका मुलीचा चेहरा उतरला. तिला त्याऐवजी स्वतःचे नाव लिहिलेले बायबल हवे होते.

पराभव

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी फ्राय यांनी हाऊस ऑफ कॉमन्सच्या समितीपुढे साक्ष दिली. संसदीय समितीसमोर बोलावल्या गेलेल्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. तिथे त्यांनी दयेची भाषा फारशी वापरली नाही. कैद्यांची संख्या, जागा, काम, मिळकत हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. स्त्री कैद्यांवर स्त्रियाच नेमाव्यात, त्यांची पुरुषांपासून संपूर्ण फारकत व्हावी आणि काम सरकारने पुरवावे, या त्यांच्या मागण्या होत्या. शेजारच्याच पुरुष विभागात असे काहीच झाले नव्हते. एकाच तुरुंगात, एकाच छपराखाली, सुधारलेला आणि न सुधारलेला असे दोन भाग पाहणाऱ्यांसमोर होते.

याच वर्षी त्यांना पहिला मोठा धक्का बसला. तेव्हा इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक अपराधांना देहदंड होता. १७९७ नंतर एक आणि दोन पौंडांच्या कागदी नोटा सर्रास वापरात आल्या होत्या. त्यांची नक्कल करणे सोपे होते. खोटी नोट खपवणाऱ्याला फाशी, हा कायदा. सापडत त्या बहुधा गरीब बायका. नोटा छापणारे क्वचितच. हॅरिएट स्केल्टन ही अशीच एक. न्यूगेटमधील तिची वागणूक चांगली होती आणि तिला सूट मिळेल, असे सगळ्यांना वाटत होते. फ्राय यांनी तिच्यासाठी जंग जंग पछाडले. राजघराण्यातील ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांनीही शब्द टाकला. गृहमंत्री लॉर्ड सिडमथ बधले नाहीत. एप्रिल १८१८ मध्ये स्केल्टनला फाशी देण्यात आली. मंत्रिमहोदय फ्राय यांच्यावर कमालीचे नाराज झाले. तुरुंगात शिस्त आणणारी स्त्री त्यांना चालत होती; शिक्षेच्या न्यायाबद्दल बोलणारी नव्हे. त्याच सुमारास मॅन्शन हाऊसमध्ये राणी शार्लटच्या हस्ते फ्राय यांचा जाहीर सन्मान झाला. सरकारदरबारी मात्र त्यांच्यासाठी दारे बंद झाली. खोट्या नोटांसाठीचा देहदंड हटायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

काळ्या पाण्याची वाट

आपल्याकडे ज्याला काळे पाणी म्हणत, तशी इंग्लंडमधील हद्दपारी म्हणजे ऑस्ट्रेलिया. निघायच्या आदल्या रात्री न्यूगेटमध्ये दंगल ठरलेली असे. खिडक्या फुटत, सामान मोडले जाई, दिसेल त्याची राख केली जाई. सकाळी बायकांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदरावर नेले जाई आणि रस्त्यावरची गर्दी त्यांच्यावर चिखल आणि शिव्या फेके. दंगलीला उत्तर म्हणून जादा शिपाई बोलवावेत, हा नेहमीचा उपाय. फ्राय यांनी दंगलीचे कारण शोधले. ते त्या उघड्या गाड्यांमध्ये होते. १८१८ मध्ये त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याला बंद घोडागाड्या वापरायला राजी केले, मंडळाच्या स्त्रिया सोबत जातील असा शब्द बायकांना दिला आणि तो पाळला. ती रात्र शांततेत गेली.

'मारिया' या जहाजावर त्या वर्षी १२८ कैदी स्त्रिया होत्या. जहाज नांगर टाकून अनेक आठवडे उभे असे आणि पुढचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. रिकामे हात, बंद जागा आणि खलाशी यांतून काय उद्भवे, हे नौदलाला चांगलेच ठाऊक होते. फ्राय यांनी इथेही बारा-बारांचे गट पाडले आणि लंडनच्या कापड दुकानांतून चिंध्या गोळा केल्या. पुढे प्रत्येक स्त्रीला एक पिशवी मिळू लागली. तिच्यात सुया, दोरा, कात्री आणि कापडाचे दोन पौंड तुकडे असत. त्यांची गोधडी शिवायची आणि वाटेत किंवा पोहोचल्यावर विकायची. उतरल्यावर पहिल्या रात्रीच्या निवाऱ्यासाठी तरी हाती पैसे असावेत, हा त्यामागचा व्यावहारिक हिशेब. न्यू साउथ वेल्समध्ये या बायकांना राहायला जागाच दिली जात नाही आणि छपरासाठी त्यांना देह विकावा लागतो, हे तिथल्या धर्मगुरूच्या पत्रातून फ्राय यांना कळले होते. तो प्रश्नही त्यांनी सरकारकडे लावून धरला. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या मंडळाने अशा शंभरहून अधिक जहाजांना भेट दिली.

१८२३ मध्ये नवे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी तुरुंग कायदा आणला. स्त्री कैद्यांवर स्त्री कर्मचारीच असतील, तुरुंगाधिकाऱ्यांना कैद्यांकडून पैसे न घेता पगार मिळेल, अकारण बेड्या घातल्या जाणार नाहीत, या तरतुदी त्यात आल्या. न्यूगेटच्या आवारातील प्रयोग कायद्याच्या पुस्तकात गेला. उणीव एवढीच, की अंमलबजावणी तपासायला निरीक्षक नव्हते. ते यायला १८३५ उजाडले; आणि आले ते वेगळाच विचार घेऊन.

शांत कोठड्या

मधल्या काळात फ्राय यांच्या घरावर संकट कोसळले. नोव्हेंबर १८२८ मध्ये जोसेफ फ्राय यांची पेढी बुडाली. क्वेकर पंथात दिवाळे ही केवळ आर्थिक आपत्ती नसे. जोसेफ यांना पंथातून काढण्यात आले. पेढीचे पैसे पत्नीच्या परोपकारात गेले, अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्यांच्या घराची काळजी वाहणाऱ्या बाईचे स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष झाले, हा आरोप तर आधीपासूनच होता. मुलांपैकी अनेकांनी पंथ सोडला. या टीकेत तथ्य अजिबात नव्हते असे नाही आणि फ्राय यांच्या रोजनिशीतही त्याची बोच दिसते. मोठे घर सोडून कुटुंब अप्टनच्या लहान घरात गेले. गर्नी भावंडांच्या मदतीवर संसार चालला. फ्राय यांनी तुरुंगाचे काम सोडले नाही.

बाहेरची हवा बदलत होती. तुरुंग हे त्रासदायकच असले पाहिजेत, तिथे सुखाने शिवणकाम करून कोण गुन्ह्याला भिणार, असा सूर सिडनी स्मिथसारखे विद्वान लावत होते. आणि याच स्मिथ यांना न्यूगेटमधील फ्राय यांचे काम पाहून मनापासून आदर वाटला होता! अमेरिकेतील फिलाडेल्फियात प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडीत, कोणाशीही बोलू न देता ठेवण्याची पद्धत सुरू झाली होती. कैदी एकमेकांना भेटलेच नाहीत तर मारामारी नाही, जुगार नाही, संगतीने बिघडणेही नाही. हा तर्क बिनतोड वाटे. विल्यम क्रॉफर्ड अमेरिकेत जाऊन ते तुरुंग पाहून आले आणि १८३५ च्या कायद्याने व्हिटवर्थ रसेल यांच्यासह तुरुंग निरीक्षक झाले. १८३६ च्या त्यांच्या अहवालाने न्यूगेटच्या चिंधड्या उडवल्या. जुगार, दारू, तंबाखू, दादागिरी सारे तिथे अजून होते आणि मुख्यत्वे पुरुष विभागांत, जिथे फ्राय यांच्या पद्धतीने काम झालेच नव्हते. मंडळाच्या कामातील चांगुलपणा निरीक्षकांनी मान्य केला. पण फ्राय यांचे बायबलवाचन ऐकायला उच्चभ्रू पाहुण्यांची जी रीघ लागे, तिच्यावर बोट ठेवले. ते योग्यच होते. कैदी हे कोणाचे प्रदर्शन असू नयेत, ही शंका स्वतः फ्राय यांनाही सतावत असे.

एकांतकोठडीला मात्र त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. रात्री स्वतंत्र झोपण्याची सोय असावी, हे त्यांचेही म्हणणे होते. दिवसा मात्र माणसाने माणसांत राहून काम करावे, कारण सुटल्यावर त्याला माणसांतच राहायचे असते. शिवाय बंद कोठडीत कैद्यावर काय गुजरते, हे पाहणारा कोणी उरत नाही. त्यांचे म्हणणे मागे पडले. १८४२ मध्ये लंडनच्या उत्तरेला ५२० कोठड्यांचा पेंटनव्हिल तुरुंग उघडला. कैद्याला दीड वर्ष एकांतात ठेवायचे, बाहेर काढताना चेहरा झाकायचा, प्रार्थनागृहातही दोघांमध्ये फळीचा आडोसा. तिथे मारामाऱ्या होत नव्हत्या, हे खरे. कैद्यांना वेड लागण्याचे प्रकार मात्र इतके दिसू लागले, की एकांताची मुदत आधी वर्षावर आणि पुढे नऊ महिन्यांवर आणावी लागली. हे पाहायला फ्राय हयात नव्हत्या.

त्यांची कीर्ती त्या वर्षांत शिखरावर होती, हाही एक योग. पेंटनव्हिल उघडले त्याच वर्षी प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम त्यांच्यासोबत न्यूगेटमध्ये आला आणि अप्टनच्या घरी जेवला. युरोपातील तुरुंग पाहण्यासाठी त्या फ्रान्स, हॉलंड, जर्मनी, डेन्मार्क फिरल्या. प्रकृती ढासळत गेली. लहानपणी ज्याची धास्ती वाटे, त्या समुद्राच्या काठी, रॅम्सगेट येथे ऑक्टोबर १८४५ मध्ये त्यांचे निधन झाले. बार्किंगच्या क्वेकर दफनभूमीत हजाराहून अधिक माणसे निःशब्द उभी होती.

न्यूगेट तुरुंग विसाव्या शतकाच्या प्रारंभी पाडण्यात आला. त्या जागेवर आज ओल्ड बेलीचे न्यायालय उभे आहे. तिथल्या बायकांनी शिवलेले हजारो कपडे केव्हाच विरले. जहाजांवरच्या गोधड्यांपैकी एक मात्र उरली. एप्रिल १८४१ मध्ये 'राजा' नावाचे जहाज १८० कैदी स्त्रियांना घेऊन टास्मानियाच्या दिशेने निघाले आणि जुलैत होबार्टला पोहोचले. वाटेत त्यांनी २,८१५ तुकडे जोडून एक भली मोठी गोधडी शिवली आणि ती फ्राय यांच्या मंडळाच्या स्त्रियांना कृतज्ञतेने अर्पण केल्याचा मजकूर तिच्या कडेला भरला. ती इंग्लंडला परत आली आणि जवळजवळ दीडशे वर्षे विस्मृतीत गेली. १९८९ मध्ये ती स्कॉटलंडमधील एका घराच्या माळ्यावर सापडली. आता ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कापड नाजूक झाल्यामुळे ती वर्षातून क्वचितच बाहेर काढली जाते. काही तुकड्यांवर सुई टोचून उमटलेले रक्ताचे डाग दिसतात. सगळ्याच जणी शिवणकाम शिकून आलेल्या नव्हत्या.